सोइलाबाईंची बादली आणि माझं चहायंत्र

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
निर्णय झाला. वस्तीच्या सामायिक बागेसाठी कंपोस्ट चहाचं, म्हणजे पिकांवर फवारायच्या खतपाण्याचं, यंत्र मी स्वतः बनवणार. सध्या सोइलाबाई गांडूळखत आणि काकवी बादलीतल्या पाण्यात घालून काठीने ढवळतात. काठीने! वय सत्तर, शिक्षण शून्य. मी निदान स्वतःचा स्वतः शिकलोय. २५ तारखेच्या बागेच्या सभेत माझं यंत्र पसंत पडलं की त्यांचे बाराही वाफे माझ्या हाताखाली. सगळ्या सिएनफुएगोस शहरात दुसरा लायक माणूस दाखवा.

५ फेब्रुवारी
साहित्य: जुन्या रशियन वॉशिंग मशीनची टाकी, ४२ लिटर (मोजली). हवा सोडायला फ्रिजचा कॉम्प्रेसर. सलाईनची नळी, भोकं ३२, प्रत्येक दीड मिलिमीटर.
फ्रिज दुरुस्त करणारा राउदेल म्हणाला, "एवेलिओ, हा कॉम्प्रेसर हवेबरोबर तेल थुंकतो. भाजीला लावणार आहेस की बिजागऱ्यांना?" मत्सर, दुसरं काय.
बायकोने, नेरेइदाने, विचारलं की आपला फ्रिज खरंच मेला होता का. आता मेलाय.

९ फेब्रुवारी
यंत्र सुरू. चहात चोवीस तास हवा खेळली पाहिजे. तीन तास चाळीस मिनिटांनी लाईट गेली. वेळापत्रकात आज जाणार नव्हती. वेळापत्रक चुकलं, मी नाही.
सोइलाबाई डोकावल्या. "लाईट नसली की तुझं यंत्र काय करतं रे?"
विश्रांती, म्हटलं.
"मग माझ्याहून म्हातारं आहे बाबा."

१० फेब्रुवारी
विचार केला. चोवीस तास हवा लागते. पण सलग लागते असं मी कुठेही वाचलेलं नाही. (एकूण एकच पान वाचलंय, पण नीट वाचलंय.) तेव्हा बेरीज करायची. ३.४० अधिक आजचे २.१५. उरले १८ तास ५ मिनिटं. हे इतक्या वर्षांत कोणाला कसं सुचलं नाही?

१४ फेब्रुवारी
बेरीज १७ तास २० मिनिटं. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. जिवंतपणाची खूण असणार. वास किंचित उग्र. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. नेरेइदा म्हणाली, "आधी टाकीत कोण मेलंय ते बघ, मग मोज."

१७ फेब्रुवारी, दुपारी ४.२५
चोवीस तास पूर्ण! लगेच फवारणी. सभेत फरक डोळ्यांत भरावा म्हणून सर्वांत उत्तम लेट्यूस निवडलं: सोइलाबाईंचे चार वाफे, तीन दिवसांत काढणी, सगळा माल प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायचा. बाई मुलीकडे गेल्या आहेत. विचारायला थांबलो नाही. आल्या की आभार मानतील.

१९ फेब्रुवारी
पानं थोडी पिवळी. झाड ताकद पचवतंय.

२० फेब्रुवारी
पानं काळी, चिकट. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई आल्या. एक पान नाकाशी नेलं आणि मान फिरवली. "हे पोटुश्या बायकांना घालणार होतात? डुकरालाही देऊ नका." चारही वाफे उपटून पुरायला सांगितले. प्रसूतिगृहात आज नुसता भात आणि काळा घेवडा.
सोइलाबाईंनी स्वतः उपटलं, गुडघ्यांवर बसून. दोन तास दहा मिनिटं. एकदाही वर बघितलं नाही. मी समजावलं की मूळ मातीच कमकुवत असणार.
"हो रे बाबा," म्हणाल्या, "माझंच चुकलं. मुलीकडे गेले."
कबुली मिळाली. नोंद केली.

२३ फेब्रुवारी
सभेसाठी भाषण तयार. सात मुद्दे. राउदेल रस्त्यात भेटला, बिजागऱ्यांसाठी पावशेर चहा मागितला. बाकी लोक मला बघून फुटपाथ बदलतात. आदराने अंतर ठेवत असावेत.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
सभा झाली. भाषण दुसऱ्या मुद्द्यावर थांबवलं. ठराव: यंत्र बागेबाहेर काढावं आणि एवेलिओने यापुढे फवारणीच्या पंपाला हात लावू नये. माझं अक्षर सुवाच्य म्हणून लिहून घ्यायलाही मलाच बसवलं.
ठरावाच्या विरोधात हात एकच वर. सोइलाबाईंचा. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "असू दे. माणसाला एक तरी मत पडावं. घरी बायको आहे त्याला."
ठरावाच्या बाजूने हात एकवीस. नेरेइदा धरून.
मोजणी मीच केली. दोनदा.