वसंताचा अंगठा

७ जानेवारी २००२

गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने बालाघाटला पोचले. काय मजा आली! नर्सिंग होमच्या मागेच खोली मिळाली आहे. खिडकीत छान ऊन येतं, आणि जिजाबाईने, म्हणजे इथल्या आयाने, आल्याआल्या चहा आणि गरम भजी आणून दिली. डॉक्टर गुणाकर गोड बोलतात. कावीळ, एड्स असले रक्तातून पसरणारे रोग कर्मचाऱ्यांना लागू नयेत, त्यांच्यामुळे पेशंटला लागू नयेत, हे मी दोन आठवड्यांत शिकवायचं आहे. नागपूरला मोठमोठ्या हॉस्पिटलांत मी हेच शिकवते. इथे काय, डाव्या हाताचा मळ.

८ जानेवारी

माय वो, काय एकेक नमुने आहेत! वॉर्डातला प्रेमलाल सांडलेलं रक्त फडक्याने पुसतो आणि तेच फडकं खांद्यावर टाकून फिरतो. जिजाबाई वापरलेले हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घालते. एका मोज्यात तर तिची तंबाखू असते. यांना मी काय शिकवू, कपाळ?

सगळ्यांत मोठा शहाणा वसंता कंपाउंडर. जन्मभर गावाला सुया टोचल्या म्हणून यानेच मला शिकवायचं बाकी आहे. माझ्या वर्गात बसून चक्क घोरत होता. दुपारी गंजक्या खाटेचा पत्रा माझ्या पोटरीला लागला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच्याकडूनच घ्यावं लागलं. सुईचं पाकीट सीलबंद आहे, हे मी नीट पाहिलं. मग तोंड फिरवलं. सुई मला बघवत नाही, हे या लोकांना कळायला नको. दुखलं मात्र अजिबात नाही.

१० जानेवारी

आज मुद्दाम वसंताला सगळ्यांपुढे इंजेक्शन द्यायला लावलं, त्याच्या चुका दाखवाव्या म्हणून. त्याने नवी सुई काढली आणि आधी स्वतःच्या अंगठ्यात टोचून पाहिली. रक्ताचा थेंब आला. तीच सुई पेशंटच्या दंडात!

मी ओरडलेच. तर म्हणतो, उकळून वापरायच्या सुया भोथऱ्या होत, तेव्हापासूनची सवय आहे. “आधी मले दुखू द्या, मंग पेशंटले.” मग नव्या सुईला काहून, असं विचारलं, तर म्हणे कंपनीचा काय भरवसा. आणि बाकीचे हौ हौ करत माना डोलावतात. बयताड सगळे! गाव म्हणतं, वसंताचा हात हलका. अरे, गावाच्या अंगात याचं रक्त आहे.

माझ्याही अंगात.

१२ जानेवारी

वसंताचं रक्त तपासून घेतलं. रक्तातून पसरते तीच कावीळ निघाली. डोळे पिवळे झालेत आणि हा म्हणतो, थकवा असन. माझा नमुना नागपूरला पाठवला आहे. मला काही झालं तर... नाही, तसलं लिहायचं नाही.

डॉक्टरांच्या मागे लागून त्याला आजच कामावरून काढायला लावलं. सगळ्यांदेखत त्याला घाणेरडा म्हटलं. म्हटलं तर म्हटलं. तो निघाला. मी खिडकीतून बघत होते. लोखंडी फाटक ओढताना त्याचा अंगठा चेंगरला.

वॉर्डातले सगळे पेशंट एकदम किंचाळले. सगळ्यांनी आपापला अंगठा धरला होता. मीही –

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घशाखाली उतरत नाही. वॉर्डात कोणी जेवत नाही. बाजारातल्या हॉटेलातही माणसं भरल्या ताटावरून उठून जातात. जिजाबाई सांगते, वसंता उकव्याजवळ आपल्या गावी गेला आणि त्याने अन्न सोडलं. म्हणतो, आपल्या हाताने लोकांत रोग गेला. नाटकं नुसती!

माझा अंगठा काळानिळा पडलाय. मला कुठेच लागलं नव्हतं.

१६ जानेवारी

नागपूरहून फोन. माझ्या रक्तात काही नाही. इतक्या लवकर काही दिसतच नाही, हे मीच शिकवते. मग आरशात डोळे पिवळे कसे? डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ. त्यांचे स्वतःचे डोळे हळदीसारखे झालेत. त्यांनाही वसंताच टोचायचा.

चार पायऱ्या चढले तरी धाप लागते. तो जगला पाहिजे. नाहीतर आम्ही सगळे –

उद्या जाते. वेळ पडली तर पाया पडेन त्या अडाण्याच्या.

१७ जानेवारी, उकव्याजवळ

जीपने आले. त्याची बायको विमलाबाई दारातच म्हणाली, “आता काहून आल्या बाई? मानूस चालला.”

चमच्याने पेज घातली. ओघळून बाहेर आली. मला ओळखलं त्याने. विचारतो, टोचलं तवा दुखलं काय. नाही म्हटलं. हसला. मूर्ख कुठला.

माफी मागितली. ऐकली का, माहीत नाही –

त्याचा श्वास अडकतो तेव्हा माझाही. लिहीत राहते. लिहिते आहे म्हणजे आहे –

अंगणात त्याने कधी ना कधी टोचलेले गाववाले सगळे छाती धरून बसलेत.

घेतला त्याने. मीही घेतला.

सोडला.

घेत नाही. वसंता, घे ना रे – घे – मी –