व्यंकट दोन दिवस गप्प होता

ग्लासगो,
९ सप्टेंबर १९८४

चि. शिवकन्या,

दादाचा जयभीम आणि आशीर्वाद. मी खुशाल आहे. थंडी सुरू झाली, सकाळी गाडीच्या काचेवर दव साचतं. पंचफुलामावशीची कारळाची चटणी पोचली. निम्मी व्यंकटनंच संपवली.

तो येऊन गेला, हे तुला ठाऊक असणारच. भूजल खात्याचं त्याचं प्रशिक्षण तिकडं इंग्लंडात चालू आहे. शनिवार-रविवार गाठून तो शुक्रवारीच रेल्वेनं माझ्याकडं आला. कॉलेजातला दोस्त इतक्या वर्षांनी दारात उभा राहिला, तर मला वाटलं, आता रात्रभर गप्पा. पण गडी गप्प. जेवला, चटणीचं कौतुक केलं आणि झोपला.

मी मात्र जागाच. दोन महिन्यांत तुझं एकच पत्र आलं, तेही चार ओळींचं, आणि त्यात मायचा शब्द नव्हता. मला वाटलं, मायचं काही बरंवाईट झालंय आणि ते तोंडानं सांगायला तुम्ही ह्याला धाडलंय. विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी त्याला घेऊन उत्तरेकडच्या डोंगरांत निघालो. काय मुलूख आहे म्हणून सांगू! एका बाजूला मैलोगणती तळं, दुसऱ्या बाजूला हिरवे कडे, आणि दर वळणाला इस्लापूरच्या सहस्रकुंड धबधब्याची लेकरं वाटावीत असे ओहोळ. व्यंकट काचेला नाक लावून बघत होता. हे पाणी जातं कुठं, त्यानं विचारलं. समुद्रात, मी म्हणालो. सगळंच? सगळंच. लातुरात त्याचा दिवस कोरड्या बोअरच्या तक्रारी ऐकण्यात जातो. त्याला काय वाटलं असेल, ते मला कळलं.

ग्लेनको नावाच्या खिंडीत गाडी थांबवून थर्मासमधला चहा ओतला. एक घोट घेऊन तो सहज म्हणाला, "शिवकन्या असती तर सुंठ टाकली असती."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचा कप हातातच राहिला आणि कान लाल झाले.

मी आधी मायचं विचारलं. ती ठणठणीत आहे, गेल्या महिन्यात तुला भेटायला एकटी एसटीनं लातूरला आली होती, म्हणाला. शिवकन्या, माझ्या छातीवरचा दगडच उतरला. आणि तो उतरल्यावर राग आला. तो राग काही तुझ्यापासून लपवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तो आपल्या घागरीतलं पाणी प्यायचा, आपल्या ताटातली सुकडी खायचा. पण कंधारला त्याच्या घरी गेलो, की माझी बैठक ओसरीच्या खाली. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. काल मी बोललो.

"तुझ्या घरी मला कधी आत बोलावलंस?"

"न्हाई."

"मग माझ्या बहिणीला कुठं नेणार?"

"लातूरला. नव्या जिल्ह्याचं क्वार्टर मिळालंय, दोन खोल्यांचं. घरी सांगून टाकलं. अण्णा म्हनले, पुन्हा उंबरा चढू नको. म्या चढलो न्हाई."

त्याच्या आईचं विचारलं, तर खाली बघून म्हणाला, ती लातूरच्या स्टँडवर येऊन भेटून गेली. सून एकदा दाखव म्हणाली. मग म्हणाला, तू त्याला बजावलं होतंस की दादाला समोर बसून सांगायचं, कागदावर नाही, आणि दादा नाही म्हणाला तर विषय संपला. दोन दिवस तो हेच जिभेवर घेऊन बसला होता.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी उतरून थोडा चाललो. बाबा काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल, उद्या त्याच्या भावकीतलं कोणी तुला घालूनपाडून बोललं तर मी इथून काय करणार, सगळं डोक्यात येऊन गेलं. परत आलो तर हा पावसात गाडीबाहेर उभा. उघड्यावर, सरकारी कोट भिजवत. मला हसू आलं. म्हणालो, बस आत, आजारी पडलास तर ती मला धरेल.

येताना तो जो बोलत सुटला, तो ग्लासगो येईस्तोवर थांबला नाही. बहुतेक तुझ्याबद्दलच. तू कलेक्टर कचेरीत हेडक्लार्कशी कशी भांडलीस, तेही कळलं.

बाबांना मी वेगळं लिहितो आहे. त्यांचा राग आधी माझ्यावर निघू दे. मायला सगळं ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे. जानेवारीत रजा घेऊन येतो, तोवर तारीख ठरवू नका.

एक मात्र तू स्वतः कळव. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी नाही, तुला हवंय ना? उत्तर 'हाव' असेल तर तेवढाच एक शब्द लिही. मला पुरेल.

रजिस्टर ऑफिसात तुझ्या बाजूनं साक्षीची पहिली सही करणारा,
तुझा दादा
लिंबाजी