मिहानचा फ्लॅट अन् माही सही

चिरंजीव ऋषिकेश, आजीचा आशीर्वाद.

कॅनडात बसून तू मिहानकडं फ्लॅट घेऊन राहिला, अन् मुखत्यार म्हणून सही मी करायची म्हणे. दुसऱ्या कोणावर तुहा भरोसा नाही. म्हणून काल जागा पाहून आली. बिल्डरचा माणूस म्हणे, "आजी, गॅलरीतून विमानं दिसतात." मी म्हटलं, "विमानात बसून गेलेला नातू दिसते काय, ते सांग." मग तो लिफ्टच दाखवत बसला.

फायदा आहे गा. आपल्या गावात आपलं दार राहते. तोटा एवढाच, का ते बंद राहते. शेजारच्या प्रेमलताच्या लेकानं दुबईतून फ्लॅट घेतला. ही दर शनिवारी जाते, नळ सोडते, कबुतरं हाकलते, कुलूप लावते. फोनवर सांगते, "घर मस्त आहे." लेकाले वाटते, मग आपण कायले जायचं?

म्हणून मी तुले फोनवर सांगतलं, "मले वाचता येत नाही, बिल्डर कशावरही सही घेईन, तूच ये." तू लगेच दिवाळीचं तिकीट काढलं. सात वर्षांत पयल्यांदा!

लहानपणी तुह्याकडून रोज पेपर वाचून घेत होती, ते तुही मराठी सुधरावी म्हणून. तू समजला आजी अडाणी. समजू दे.

हे पत्र गव्हाच्या कोठीत टाकते. तुले धाडलं तर तिकीट वापस करशील.

तुही आजी,
गोपिका, चौथी पास