गॅलीतला तिसरा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

नाव लागलं! यवतमाळच्या प्रशिक्षण केंद्राची यादी, अकरावा नंबर. दोन आठवडे शिकवणार, मग परीक्षा. पास झालं की नागपूर विमानतळावर नोकरी. काम असं – विमान उतरलं की आत चढायचं, गॅलीतले भरलेले कचऱ्याचे डबे काढायचे, रिकामे बसवायचे. गॅली म्हणजे विमानातली चहा-जेवणाची खोली.

मी कामाला होते ते वाचनालय बंद होऊन सात महिने झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी आर्णीत मला दुसरं कोण बोलावणार?

बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांना एकच शब्द ऐकू आला.

"गल्लीतला कचरा?"

"गल्ली नाही बाबा. गॅली."

"गल्ली विमानातली असो का फुलसावंगीची. कचरा तं कचराच हाय ना!"

ताट सरकवून उठले.

४ फेब्रुवारी

बोलत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेसहाची बस. शेजारची रुपीबाईही माझ्याच तुकडीत आहे, हे बरं. बसमध्ये म्हणते, "नलूबाई, आतापर्यंत विमान मान वर करून पाह्यलं. आता त्याच्या पोटात हात घालून पाहू!" सगळी बस हसली.

केंद्रात प्लायवूडची गॅली उभी केली आहे. डबे मात्र खरे – अरुंद, उंच, पत्र्याचे, खणात सरकवलेले. वर झडप, ती स्प्रिंगने आपोआप मिटते. खाली दार, त्याला खटका. पिशवी बांधायची, डबा ओढायचा, रिकामा सरकवायचा, खटका लावायचा, दोनदा दाबून पाहायचा. खटका अर्धवट राहिला तर विमान उडताना डबा सुटून कुणाच्या तरी अंगावर.

माझा पहिल्याच दिवशी राहिला. मैत्रेयी मॅडम – माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर – म्हणाली, "ताई, आत्ता तुम्ही एका माणसाचा पाय मोडला."

लाज वाटली. उद्या राहणार नाही.

७ फेब्रुवारी

तीन डबे, सात मिनिटं. हवीत चार. डाव्या हाताचं नख उखडलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. घरात दोन माणसं आणि एक फोटो, आणि बोलत कुणीच नाही.

फोटो डोमाजी आजोबांचा. छप्पन साली दीक्षा घेऊन फुलसावंगीला, आमच्या मूळ गावी, आले आणि गावकीचा खराटा चावडीसमोर मोडला. आपण दुसऱ्याचा कचरा उचलणार नाही! बाबा मग कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल झाले. पाठीवर ओझं घेतलं, पण खराटा नाही घेतला. हे आमच्या घरात भाकरीसारखं रोज वाढलं गेलं. बाबा तोंडाला दुपट्टा बांधून जायचे, रुई नाकात जाते म्हणून. संध्याकाळी मी त्यांच्या केसांतली रुई वेचायची. हमालांचा लोखंडी हूक असतो, तो पाहायचा फार हट्ट केला होता एकदा. "तो तिथंच ठेवा लागते," म्हणाले. आई जाईपर्यंत ते कौतुकाने सांगायची, माह्या नवऱ्यानं मान नाही विकला.

म्हणून मला कळतं त्यांना काय लागलं ते. पण आजोबांवर खराटा लादलेला होता. मी अर्ज करून जाते आहे. हातमोजे घालून, पगार घेऊन. नको वाटलं तर सोडूनही येईन. हे वेगळं आहे.

वेगळं आहे ना? – आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मॅडमनी विचारलं, झडपेतून जळका वास आला तर? सगळ्या एका सुरात – उघडून पाणी ओतायचं! मी म्हटलं, उघडायचं नाही. हवा लागली की भडकेल. आधी हाताची पालथी बाजू लावून पाहायची.

"हे कुठे वाचलंत ताई?"

वाचलं नव्हतं. लहानपणी बाबा सांगायचे – जिनिंगमध्ये कचरा-रुईची गंजी आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसते. "पालथा हात लावून पाहाव. गरम लागली तं उकरू नाही. हवा भेटली का पेटते." पालथा का, तर तळव्याला घट्टे पडलेले, त्याला कळत नाही.

घरी येऊन हे त्यांना सांगावंसं वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

१२ फेब्रुवारी

चार मिनिटं दहा सेकंद!

१३ फेब्रुवारी

बाबा बोलले. "गेली तं परत या घरात येजो नको."

मी चहा गाळत होते. गाळणं बशीत ठेवलं. म्हटलं, "दर रविवारी येईन. दार लावलंत तर ओट्यावर बसेन."

मी जाणार आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा झाली.

एकेकीला आत घेत होते, बाकीच्या बाहेर. शिट्टी वाजली. पहिला डबा – खटका, दोनदा दाबला. दुसरा डबा – तसंच. घड्याळ समोरच टांगलेलं, वेळ होता. तिसऱ्याकडे वळले आणि झडपेला हात टेकला. मुद्दाम नाही. पालथाच टेकला.

गरम!

वास नाही, धूर नाही. क्षणभर वाटलं, उन्हाने तापला असेल, ओढ नलू, वेळ चालला. मग हात मागे घेतला. "गरम आहे. मी उघडणार नाही. विझवणाऱ्यांना बोलवा." आणि नुसती उभी राहिले. चार मिनिटं होऊन गेली. वाटलं, गेली नोकरी.

आत गरम पाण्याची पिशवी ठेवली होती! बाराजणींत तिघीच थांबल्या. रुपीबाईने ओढलाच. "मले वाटलं गरम चपात्या असतीन व माय!" तिची परीक्षा पुन्हा घेणार आहेत, ती होईलच पास.

मी पास. गुरुवारी नागपूरला हजर.

रात्रीच्या जेवणाला बाबांसमोर ताट ठेवलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या हमालीनं मला पास केलं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. घास हातातच राहिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बॅग भरली. वह्या ठेवल्या. वर तोंडाला बांधायला बाबांचा जुना दुपट्टा घेतला – विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय.

पहाटे बाबा उठून बसलेले. फोटोकडे पाठ करून. "हमालाले गंजीजवळ कायले जाऊ देतीन, नलू? गंजी त्याची असते, जो झाडते." मग माझी बॅग पुढ्यात ओढली. "एकवीस वर्सं मी झाडलं तिथं. तुह्या मायलेई नाही सांगतलं."

बॅगेतून दुपट्टा काढून घेतला.

"हा रुईसाठी नव्हता व. कोणी वळखू नये म्हणून होता. तू उघड्या तोंडानं जाय."