अठरा चाळीसची गाडी

प्रिय भाचेबाई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. सात प्रश्न, प्रत्येकाला आकडा, आणि खाली 'उत्तरे सविस्तर लिहावीत, दहा गुण' ही तुझी आगाऊ सूचना. पहिल्या दिवशी वाचून खूप हसले. दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि 'प्रिय' लिहून थांबले. मग पत्र फ्रीजवर चिकटवलं, तिथून खणात टाकलं, खणातून पुन्हा बाहेर काढलं. तुझी आई फोनवर म्हणाली, अगं, पोरीने सल्ला मागितलाय, किडनी नाही मागितली. तिला काय सांगू? आज मात्र एका बैठकीत लिहून टाकते, कारण उद्या माझी हिंमत टिकेल याची खात्री नाही. सोबतचा तुझ्या होस्टेलच्या खोलीचा फोटो पाहिला. टेबल नीट ठेवतेस हे बघून धक्काच बसला. आणि कागदांवर वजन म्हणून अजून तुझी लहानपणची ठोकळेबाईच बसली आहे, तेही पाहिलं.

खाणी, पाणी की बांधकाम, हा तुझा पहिला प्रश्न. खाणीत पगार बरा, पण खाण बंद पडली की नोकरी आणि गाव दोन्ही एकदम सुटतं. पाणी शोधणाऱ्याला लोक विहीर लागेपर्यंत डोक्यावर घेतात आणि भोक कोरडं निघालं की त्याच दिवशी भोंदू ठरवतात. माझं काम तिसरं. रस्ता, बोगदा, धरण करण्याआधी खालचा दगड कसा आहे ते सांगायचं. सगळं नीट पार पडलं तर आपण तिथे होतो हे कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि मला ते आवडायचं. पीएचडी हौस असेल तर कर, नोकरी पुढे ढकलायला करू नकोस. कॉम्प्युटरवरचं सगळं शीक, पण पहिली दोन वर्षं मशीनजवळ काढ, चिखलात. पाचवा प्रश्न तू लाजत लाजत विचारलास, तो मुलाखतीत बेधडक विचार: साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? मी विचारलं नाही, बारा वर्षं पाणी कमी प्यायले आणि मूतखडा घेऊन घरी आले. दगडांच्या बाईच्या पोटात दगड, म्हणून तुझे बाबा अजून खिदळतात.

सहावा प्रश्न, हे काम मला कुणी शिकवलं. कॉलेजने नाही. उस्तादांनी शिकवलं. तुला ते आठवतात ना, आमचे ड्रिलर? कानामागे पेन्सिल, गळ्यात मफलर, आणि तुला बघितलं की 'आल्या का छोट्या बाई' म्हणायचे. ड्रिल जमिनीत जातं तेव्हा पोकळ नळीत दगडाचं लांब गोल कांडं अडकून वर येतं, त्याला आम्ही कोअर म्हणतो. ती कांडी क्रमाने लाकडी पेटीत मांडायची, त्यावरून मी लिहायचं की खाली काय आहे. पण सगळंच वर येत नाही. घट्ट दगड येतो. भुसभुशीत, मऊ, माती झालेला भाग पाण्याबरोबर वाहून जातो आणि नळी रिकामी येते. म्हणजे जे सगळ्यात धोक्याचं, तेच हाती लागत नाही. अशा ठिकाणी पेटीत तेवढी जागा मोकळी सोडून लाकडाचा एक ठोकळा ठेवायचा आणि त्यावर भोकाचा नंबर आणि खोली लिहायची, की इथून इथपर्यंत काही मिळालं नाही. नवे ड्रिलर ठोकळा ठेवायला लाजतात, त्यांना तो आपला कमीपणा वाटतो. उस्ताद ठेवायचेच. न पुसल्या जाणाऱ्या पेन्सिलीने लिहायचे आणि कोपऱ्यावर चाकूने एक खाच पाडायचे. मशीनचा आवाज बदलला की जेवता जेवता हात थांबवून मला सांगायचे, बाई, पोकळ लागलं बघा. मी कधी ऐकायचे, कधी हसण्यावारी न्यायचे.

आता सातवा प्रश्न. आमच्याच कंपनीतून तुला ट्रेनी म्हणून विचारणा आली आहे, मोठ्या साहेबांनी स्वतः फोन केला, आणि मी चार शब्द लिहून देईन का. भाचेबाई, परीक्षा व्हायच्या आधी, अर्ज न करता, कंपनीचे साहेब कुणाला फोन करत नाहीत. तुझे मार्क चांगले आहेत, पण इतकेही नाहीत. तो फोन तुला नव्हता, मला होता.

तीन महिन्यांपूर्वी टेकडीच्या रस्त्यावर दरड कोसळली, ते तू वाचलंसच. सकाळच्या फेरीवर निघालेला पोस्टमन आणि त्याच्यामागून स्कूटरवर येणारी एक शिक्षिका, दोघं गेली. त्या रस्त्यासाठी अकरा वर्षांपूर्वी आम्ही भोकं घेतली होती. उस्तादांनी ड्रिल केलं, मी दगड लिहिला. आता चौकशी समितीने त्याच जागी नवीन भोक घेतलं तर अठरा मीटरखाली चिकणमातीचा जाड थर निघाला, पाणी मुरलं की साबणासारखा होणारा. माझ्या जुन्या अहवालात तिथे अखंड, घट्ट दगड आहे. पेटीच्या फोटोतही आहे. मग कंपनीने सांगितलं की पेटी ड्रिलर भरतो, बाई फक्त पेटीत दिसेल ते लिहितात. म्हणजे दुसरीकडचा दगड आणून लबाडी केली ती ड्रिलरने. उस्ताद आता सत्तरीचे आहेत. ते समितीला म्हणाले, मी ठोकळा ठेवला होता. रोजची नोंदवही दाखवा म्हटलं, तर ती कंपनीत सापडत नाही. त्यांचा परवाना गेलाच, आता दोन माणसांच्या मृत्यूचा खटला त्यांच्यावर भरायचं घाटतंय. मला समितीने एकदा बोलावलं. मी म्हणाले, जे दिसलं ते लिहिलं. त्यानंतर आठवड्याने उस्तादांचा फोन आला. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, माझं वय झालंय, कधी कधी माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. मी ठोकळा ठेवला होता ना?"

मी म्हणाले, "आठवत नाही, उस्ताद."

मला लख्ख आठवतं. तू दहा वर्षांची होतीस, तुझ्या आईला ताप होता म्हणून सुट्टीत माझ्याकडे होतीस, आणि त्या दिवशी मी तुला साइटवर घेऊन आले होते. उस्ताद दुपारी म्हणाले की सत्तर सेंटिमीटर काहीच आलं नाही, आणि भोकातून परत वर येणारं पाणी पिवळं झालं होतं. करारात लिहिलेलं होतं की इतका भाग हाती आला नाही तर शेजारी नवीन भोक घ्यायचं. त्यात आठवडा जाणार होता. दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते, साहेबांनी फोनवर विचारलं होतं की पेट्या भरलेल्या दिसतील ना, आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. कुणी मला 'खोटं लिही' म्हटलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. उस्ताद हात धुवायला गेले. बाजूच्या भोकाची पेटी होती, तिच्यात ठरल्यापेक्षा खोलवरचा, फोटोत न येणारा जादा दगड होता. मी त्यातली तीन कांडी उचलली आणि मोकळ्या जागेत बसवली. चपखल बसली. मनाला समजावलं की शेजारी घट्ट दगड आहे म्हणजे इथेही असणार, उस्तादांच्याच हातून निसटला असेल. रस्ता कापला तेव्हा तो थर उघडा पडला असणार, पण कापल्या कापल्या त्यावर काँक्रीट फवारलं गेलं. मी बघायला गेले नाही. अकरा वर्षं त्या रस्त्याने गेले नाही, तुम्हाला सगळ्यांना वळसा घालायला लावला आणि म्हणाले, तिकडे ट्रॅफिक असतं.

आणि पेटीतून काढलेला ठोकळा माझ्या हातात राहिला. तेवढ्यात तू आलीस आणि म्हणालीस, मला दे. मी दिला. तुला आठवतं, घरी जाऊन तू त्याच्या मागे स्केचपेनने डोळे आणि ओठ काढलेस आणि तिचं नाव ठोकळेबाई ठेवलंस? पुढच्या बाजूला काय लिहिलंय असं विचारलंस. '१८.४० ते १९.१०.' मी म्हणाले, ती गाडीची वेळ आहे. त्या दिवसापासून तू सोफ्यावर स्टेशन मांडायचीस, ठोकळेबाई गार्ड, आणि अठरा चाळीसची गाडी रोज अर्ध्या तासात एकोणीस दहाला पोचायची. मी तिकीट काढून बसायचे. खोटं बोलायला जागा इतकी कमी लागते हे मला तेव्हा कळलं नाही.

म्हणून हे पत्र. तुझ्या टेबलावर जे आहे, ते उस्तादांनी ठोकळा ठेवल्याचा एकमेव पुरावा आहे. त्यांचं अक्षर, भोकाचा नंबर, कोपऱ्यावरची खाच, सगळं त्यावर आहे. समिती सोमवारी सकाळी अकराला शेवटची बसते. तो ठोकळा माझ्याकडे पाठवू नकोस. मी तीन महिने गप्प बसले आहे, माझ्या हातात आला तर मी काय करीन हे मला सांगता येत नाही. तू स्वतः जा आणि हे पत्र सोबत दे, सही केली आहे. मागचे डोळे पुसू नकोस, तो इतकी वर्षं कुठे होता हे त्यावरून कळेल. ती नोकरी मग राहणार नाही, आणि पुढची काही वर्षं मुलाखतीत कुणीतरी विचारेल, तुम्ही त्या बाईंच्या कोण. तुझ्या आईला आज संध्याकाळी मीच सांगणार आहे. सोमवारी मीही तिथे असेन, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. बाहेरच्या बाकावर उस्ताद बसलेले असतील, मफलर असेल. आधी त्यांच्याकडे जा, ठोकळा त्यांच्या हातात दे, आणि त्यांना सांग की त्यांना बरोबर आठवत होतं.

तू अजून म्हणशील तर,
तुझीच
मावशी