पाय घसरला

आई, सगळ्यांत आधी वकिलीणबाई आल्या, हातात मासिक, आणि चप्पल काढायच्या आतच म्हणतात कशा, "आजी, ती बुडायलाच पाहिजे!" मला वाटलं, कुणाच्या घरी काय झालं की काय. तर कादंबरीतली विधवा! दर महिन्याला तिची गोष्ट थोडी थोडी छापून येते आणि इथं सोलापुरात निम्म्या बायकांचा जीव तिच्यात अडकलाय. मागून शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. वाचते माझी नात, काय खणखणीत वाचते म्हणून सांगू! मला अक्षरं तिनंच शिकवली की, म्हणून तर हे लिहितेय.

नातीनं वाचलं, "आणि तिचा पाय घसरला." मी म्हटलं, "शेवाळ असेल पायरीवर, बिचारीचा काय दोष?" सगळ्या लई हसल्या. मीही हसले. मग वकिलीणबाई हळूच म्हणाल्या, "तसा नव्हे हो आजी. पोटुशी आहे ती."

मास्तरीणबाई भडकल्या. "त्या बाप्याचा पाय कधी घसरत नाही वाटतं? लेखकाला विहीर तेवढी दिसते!"

"मग काय, डोहाळजेवण करायचं तिचं? पोरीबाळी वाचतात हे."

"वाचतात म्हणूनच म्हणते!"

चहा निवला. मी तिथं नव्हतेच. मी मंगळवेढ्यात, आपल्या विहिरीवर. अक्का गेली तेव्हा तू दारात उभी राहून येईल त्याला एकच सांगत होतीस, "पाय घसरला पोरीचा." डोकं भादरलेली माझी बहीण, त्या महिन्यात माझ्याकडे चोरून चिंचा मागायची. पन्नास वर्षं मी पायरीच समजत आले. लेकीसुनांना सांगत आले, विहिरीवर जपून. तू कुठला पाय म्हणत होतीस, आई?

मास्तरीणबाई संपादकांना पत्र लिहितायत, तिला मारू नका म्हणून. माझी सही मागतात. सही केली की वकिलीणबाई विचारणारच, "आजी, तुम्हाला तिचं एवढं काय?" मग अक्का सांगावी लागेल. तू झाकलंस ते मी उघडायचं?

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच धीर होतोय. पायरीच समजत आले असं वर लिहिलंय, ते पुरतं खरं नाही. तू मला अक्काची घागर आणायला पाठवलंस ना, ती वरच्या पायरीवर नीट उभी ठेवलेली होती, रिकामी. चैत्र होता. पायरी कोरडी होती. मी पाहिलं, आणि तुला सांगितलं नाही.

सही पाटीवर गिरवून ठेवलीय. बायका मंगळवारी येतो म्हणाल्यात.