बाई बसल्या

ती. आत्या यांस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखर जमिनीवर आडवा होऊन घातला. आखडलेली पाठ पुन्हा वाकू लागली आहे. कशाने, ते शेवटी सांगतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना? इकडे सगळे ठीक. मुख्य बातमी अशी की बाई घरी आल्या. आपण जिंकलो, आत्या.

बाई म्हणजे आमच्या पोलीस खात्याच्या श्वान पथकातली माझी कुत्री. (शाळेत तुम्हालाही सगळे बाईच म्हणत, पण हे नाव मी ठेवलेलं नाही. गैरसमज नसावा.) बाईंचं काम सामान हुंगायचं आणि गांजाचा किंवा अफूचा वास आला की तिथे शांतपणे बसायचं. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. त्या बसल्या की बक्षीस म्हणून मी चेंडू द्यायचा. आमचं छान चाललं होतं, तेवढ्यात सरकारने कायद्याला हात घातला. आधी म्हणाले, गांजा औषधापुरता चालेल. मग घरात एखादी कुंडी चालेल. मग निवडणूक आली, आणि चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या जागी गांजाचं दुकानच थाटलं गेलं. (तुम्ही विरोधात मोर्चा काढलात, मला रजा टाकून फलक धरायला लावलंत, पण सरकार कुणाचं ऐकतंय?) प्रत्येक बदलाचं परिपत्रक आम्हाला आलं. बाईंना ते कोण समजावणार? त्या आपल्या बसतच राहिल्या.

मग एका खटल्यात आरोपीच्या वकिलाने खुसपट काढलं. गाडीत अफू होती तसा रीतसर विकत घेतलेला गांजाही होता. तर कुत्री नेमकी कशासाठी बसली? आता हे बाईंनाच विचारायला हवं. आरोपी सुटला आणि खापर बाईंच्या नाकावर फुटलं. गांजा ओळखणारी सगळी कुत्री निकामी ठरवून त्यांचा लिलाव करायचं ठरलं. मी साहेबांच्या हातापाया पडलो, म्हटलं बाईंना मला द्या. साहेब म्हणाले, सरकारी मालमत्ता अशी वाटता येत नाही. आत्या, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या वयात त्यांनी परक्याच्या दारात साखळीला बसायचं, ही कल्पनाच सहन होईना.

या कुत्र्यांच्या निरोप समारंभाला आमदार आले होते. (तेच, जे तुमच्या मोर्च्यात सगळ्यांत पुढे होते आणि मतदानाच्या दिवशी कायद्याच्या बाजूने हात वर करून मोकळे झाले.) तरुण पिढी आणि व्यसन यावर ते बोलत असताना बाई उठल्या, मंचावर गेल्या, त्यांच्या कोटाचा खिसा हुंगला आणि समोर बसल्या. आमदार दोन पावलं सरकले. बाई सरकल्या आणि पुन्हा बसल्या. ते मंचाच्या दुसऱ्या टोकाला गेले. बाई तिथेही हजर. फोटोवाले पुढे सरसावले. मी काय करणार, नियमाप्रमाणे चेंडू दिला. आमदार ध्वनिक्षेपकावरच म्हणाले की डॉक्टरांनी झोपेसाठी दिलंय. (विधानसभेत इतकी वर्षं ते कशाच्या आधाराने झोपत होते, हे कोणी विचारलं नाही.) मग साहेबांना जवळ बोलावून, दात आवळून म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता याच्या घरी पाठवा." जी सही मला मिळत नव्हती, ती उभ्या उभ्या झाली. बाईंना घेऊन मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटलं.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : बाईंना फिरायला नेणं मात्र अवघड झालंय. चौकातल्या त्या दुकानापुढे बसतात त्या उठत नाहीत. दुकानदार खूश आहे, म्हणतो सरकारी शिफारस झाली.

ता. क. २ : तुमचं पार्सल पोचलं. स्वेटर सुंदर आहे. मी तो खुर्चीवर ठेवला, तर बाई आल्या, डावी बाही हुंगली आणि बसल्या. मला वाटलं, वयामुळे नाक गेलं. मग बाहीत तेलाची ती छोटी बाटली सापडली. आत्या, माझ्या पाठीसाठी तुम्ही हे केलंत, ते चोळताना डोळ्यांत पाणी आलं. बाईंना चेंडू दिला. तेल संपत आलंय, तर अजून एक बाटली धाडा. आणि आता बाहीत लपवू नका, कायदा बदललाय. तुमचा मोर्च्यातला तो कापडी फलक माझ्याकडेच आहे, त्यातच गुंडाळून पाठवता येईल म्हणून परत धाडतोय.